हात लावायचा नाही: आमच्या गावच्या चर्चच्या फाइलची तीन वर्षं

कागद दीड पानाचा आहे. वर प्रांताच्या प्रेफेचं, म्हणजे सरकारनं नेमलेल्या प्रमुख अधिकाऱ्याचं, पदनाम, त्याखाली पाच-सहा कायद्यांचे हवाले, आणि मग एकच वाक्य: या गावातलं सें-मार्तां चर्च, विभाग ब, प्लॉट २१४, संपूर्ण इमारत, 'मोन्युमां इस्तोरिक' म्हणजे ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदवण्यात येत आहे. या एका वाक्यासाठी आम्हाला तीन वर्षांना एक महिना कमी एवढा वेळ लागला. मार्च २०२१ ते फेब्रुवारी २०२४. "सरकारी काम, सहा महिने थांब" ही म्हण वाईत ऐकत मोठी झालेली मी. इथं सहा महिन्यांत फक्त पोच येते, हे आता शिकले.

गाव फ्रान्सच्या बरोब्बर मध्यावर, बेरी प्रदेशात, आंद्र जिल्ह्यात. वस्ती २८० च्या आसपास. नवऱ्याच्या आजोबांचं घर इथं आहे म्हणून २०१७ मध्ये आम्ही राहायला आलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण खेड्यातली चर्चं वर्षभर रिकामी असतात आणि चोर इंटरनेट वाचतात. हा सल्ला आम्हाला जिल्ह्याच्या कला-वस्तू संरक्षकांनीच दिला. तुमच्या चर्चमध्ये काही जुनं असेल तर फोटो टाका, पण पत्ता आणि कुलपाचा फोटो टाकू नका.

चर्च बाराव्या शतकातलं. एक लांबट मंडप, पुढे गाभाऱ्यासारखा अर्धगोल भाग, पंधराव्या शतकात गावच्या जहागीरदारानं बाजूला जोडलेली छोटी चॅपल, आणि थोडा कलता मनोरा. बाहेर छपराच्या कडेखाली दगडात कोरलेली तोंडं ओळीनं बसवली आहेत. त्यात एक डुक्कर आहे, एक जीभ काढलेला माणूस आहे, आणि एकाचं नाक इतकं झिजलंय की तो कोण यावर गावात दोन मतं आहेत. प्रार्थना वर्षातून दोनदा होते, कारण आमच्या फादरांकडे सव्वीस चर्चं आहेत. किल्ली समोरच्या घरातल्या आजींकडे. त्या सत्त्याऐंशीच्या आहेत. मी त्यांना मादाम म्हणते, पण मनात आजीच.

मार्च २०२१, संध्याकाळच्या कर्फ्यूचे दिवस. आजींचे गुडघे दुखत होते म्हणून झाडायला मी गेले. अल्टारच्या मागे भिंतीचा गिलावा परातीएवढा गळून पडला होता आणि खाली तांबड्या गेरूच्या रेघा दिसत होत्या. मी धावत जाऊन शेजाऱ्यांना बोलावलं. ते निवृत्त पोस्टमन, हौशी माणूस. त्यांनी खिशातली सुरी काढली आणि रेघ कुठं जाते ते बघायला चुना खरवडायला सुरुवात केली. मी मोबाइलचा उजेड धरून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होते. वीतभर खरवडलं. दीड वर्षानं एका तज्ज्ञ बाईंनी ती जागा पाहिली आणि शांतपणे विचारलं, "हे कुणी केलं?" आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे जमिनीकडे बघत उभे राहिलो. चुन्याच्या थराबरोबर खालचा रंगही निघाला होता, आणि तो परत येणार नव्हता. तेव्हा पहिली गोष्ट हीच: काही दिसलं तर फोटो काढा, तारीख लिहा, पडलेले तुकडे खोक्यात भरून ठेवा, आणि हात लावू नका.

पुढचा गोंधळ मालकीचा. मला वाटलं चर्च म्हणजे चर्चवाल्यांचं, म्हणून फादरांना फोन केला. ते म्हणाले, इमारत माझी नाही, सरपंचांना विचारा. सरपंच म्हणाल्या, इमारत गावाची आहे पण आतलं काहीही फादरांच्या परवानगीशिवाय हलवता येत नाही. दोघंही बरोबर होते. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्यानं फ्रान्समध्ये राज्य आणि धर्म वेगळे झाले. त्यानंतर १९०७ आणि १९०८ च्या कायद्यांनी त्याआधी बांधलेली गावोगावची चर्चं ग्रामपंचायतींच्या मालकीची ठरली, कॅथीड्रल सरकारची. पण वापराचा हक्क उपासनेचाच राहिला, तोही फुकट आणि कायमचा. म्हणजे कौलं गळली तर खर्च गावाचा, आणि आत संगीताचा कार्यक्रम करायचा असेल तर लेखी परवानगी फादरांची. सातबाऱ्यावर एक नाव आणि कब्जेदार दुसराच, असं काहीसं. तुम्ही यात पडणार असाल तर पहिल्याच आठवड्यात दोघांनाही एका टेबलाशी बसवा. आम्ही ते चार महिन्यांनी केलं आणि तोवर दोघांनाही वाटत होतं की आम्ही दुसऱ्याच्या बाजूनं आहोत.

सरपंचांनी सुरुवातीलाच सांगितलं, पंचायतीकडे एकच अर्धवेळ कारकून आहे, फाइल करायला माणूस नाही. तुम्ही मंडळ काढा. इथं १ जुलै १९०१ च्या कायद्याखाली दोन माणसंही मंडळ काढू शकतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये शाळेच्या जुन्या खोलीत अकरा जण जमलो. पोस्टमनकाका अध्यक्ष झाले. मी सेक्रेटरी, कारण मला टायपिंग येतं. माझ्या फ्रेंचमधल्या लिंगाच्या चुका सासूबाई तपासतील असं तिथल्या तिथं ठरलं. नियमावलीचा नमुना सरकारी संकेतस्थळावर मिळतो, नोंदणी ऑनलाइन होते, आणि राजपत्रात नाव छापून येतं त्याचेही २०२० पासून पैसे पडत नाहीत. नोंदणी नऊ दिवसांत झाली. बँकेत खातं उघडायला मात्र सात आठवडे लागले. अध्यक्षांच्या घराच्या विजेच्या बिलाची प्रत आम्ही तीनदा दिली. विमा वर्षाला ११२ युरो, सभासद वर्गणी १० युरो.

वाईला बाबांना फोनवर सांगितलं तर ते आधी हसले. "म्हणजे तू तिथं देवस्थान कमिटीत?" मग गप्प झाले आणि म्हणाले, "आपल्या भैरोबाच्या देवळाला ऑइलपेंट फासू नका म्हणून मी गावात सांगून दमलो. दगड झाकून गुलाबी केला त्यांनी. तुझ्याकडे कुणी ऐकतंय का बघ."

२०२२ च्या जानेवारीपासून मी दर गुरुवारी सुट्टी टाकून शातोरूला जिल्ह्याच्या अभिलेखागारात जायला लागले. चार गुरुवार ठरवले होते, सात लागले. ओळखपत्र दाखवलं की वाचकाचं कार्ड फुकट मिळतं. पेन आत नेता येत नाही, फक्त पेन्सिल. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. तुम्ही गेलात तर या तीन गोष्टी मागा: नेपोलियनच्या काळातला मोजणीचा नकाशा, 'ओ' मालिकेतले पंचायतीचे खर्चाचे कागद, आणि 'व्ही' मालिकेतले धर्मविषयक कागद. जाण्याआधी घरीच 'पॉप' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघा. त्यात 'मेरिमे' ही इमारतींची यादी आणि 'पालिसी' ही वस्तूंची. आमची इमारत यादीत नव्हती, पण घंटा होती! म्हणजे घंटा संरक्षित आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर बेवारस. गावात कुणालाच हे माहीत नव्हतं.

ती घंटा सतराव्या शतकातली आहे आणि तिच्यावर तिच्या धर्मपित्याचं आणि धर्ममातेचं नाव आहे, कारण घंटेचं बारसं होतं. १७९३ च्या जुलैमध्ये क्रांतीच्या सरकारनं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीनं, एकच घंटा ठेवावी, बाकीच्या तोफांसाठी वितळवायला द्याव्यात. आमच्याकडे तीन होत्या. कोणती ठेवायची यावरून गावात भांडण झालं असणार, पण तसा कागद काही मला सापडला नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी १९०६ च्या यादीत घालवला. चर्चमधल्या प्रत्येक वस्तूची मोजदाद करायला तेव्हा सरकारी अधिकारी गावोगाव फिरले होते, कुठं कुठं लोकांनी दारं लावून घेतली, मारामाऱ्याही झाल्या. आमच्याकडे फादरांनी निषेधाचं पत्र वाचून दाखवलं आणि मग स्वतःच दार उघडलं. यादीत पाचव्या ओळीत: '३४ खुर्च्या, वाईट अवस्थेत'. त्यातल्या एकोणीस अजून आहेत. अवस्था तीच.

आणि एक कागद मी फोटो काढून तसाच पुढे सरकवला: १८६८ चं अंदाजपत्रक, मंडपाला लाकडी छताखाली प्लास्टरची नवी कमान बांधण्याचं. तो कागद पुढे कामाला येणार होता, पण तेव्हा तो मला फक्त हिशेबाचा वाटला.

मग एप्रिलमध्ये आम्ही सहलीला गेलो, आणि त्या सहलीनं आमचं डोकं फिरवलं. आमच्याच जिल्ह्यात व्हिक नावाचं खेडं आहे. तिथल्या सें-मार्तां चर्चच्या भिंतींवरचा चुना १८४९ मध्ये तिथल्या फादरांनी काढला आणि खाली बाराव्या शतकातली चित्रं निघाली. शेजारच्या नोआंमध्ये लेखिका जॉर्ज सांद राहायची. तिनं ओळखी वापरल्या, ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक प्रॉस्पर मेरिमे यांच्यापर्यंत गोष्ट पोचली आणि चर्च वाचलं. हेच ते मेरिमे, ज्यांचं नाव आज त्या यादीला आहे. ते १८३४ पासून घोड्यावरून आणि गाडीतून देशभर पडकी चर्चं बघत फिरत होते.

व्हिकच्या भिंतींवर सगळीकडे माणसं आहेत. लांब, वाकलेली, घाईत असलेली. एका ठिकाणी संत मार्तां, म्हणजे ज्यांच्या नावाचं आमचंही चर्च आहे ते, गेल्यानंतरचा प्रसंग. ३९७ मध्ये कांद गावात ते वारले, तेव्हा पुआतिए आणि तूर या दोन शहरांचे लोक मृतदेह कुणी न्यायचा यावरून भांडत बसले. रात्री पुआतिएवाल्यांना डुलकी लागली, तूरवाल्यांनी देह खिडकीतून बाहेर काढला आणि होडीत घालून नदीनं पळवला. पोस्टमनकाका त्या चित्रासमोर अर्धा तास उभे होते. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच: आपल्या चुन्याखालीही हेच आहे. मला आठवत होती वणीची सप्तशृंगी. त्याच वर्षी पुढे तिच्या अंगावरचा शेंदराचा जाड थर उतरवून मूळ रूप मोकळं केलं, तेव्हा मी ते फोटो सगळ्यांना दाखवले आणि आशेत आणखी तेल ओतलं.

मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत ठराव आला. अकरा सदस्य: सात बाजूनं, तीन विरोधात, एक तटस्थ. संरक्षणाची विनंती मालकच नव्हे, मंडळही करू शकतं. पण मालकाच्या ठरावाशिवाय फाइल लंगडी वाटते. ठराव, मोजणीचा उतारा, बाहेरचे-आतले चाळीस फोटो, सहा पानी इतिहास, असं सगळं रजिस्टर्ड टपालानं ओर्लेआँला 'द्राक'कडे, म्हणजे प्रांताच्या संस्कृती खात्याकडे गेलं. पहिल्या खेपेला आमच्याकडूनच चूक झाली. फोटोंवर कोणता फोटो कुठला ते लिहिलंच नव्हतं. चाळीस फोटो, चाळीस पांढऱ्या भिंती. घराचा प्लॅन काढतो तसा प्लॅन काढा आणि फोटो जिथून काढला तिथं बाण आणि आकडा टाका, मग परत पाठवा. सप्टेंबरमध्ये पोच आली: विनंती अभ्यासाला घेतली आहे, पाहणीची तारीख कळवू.

मधल्या काळात जिल्ह्याच्या सरकारी वास्तुविशारदांनी एकदा येऊन चर्च पाहिलं. त्यांनी चित्रांबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते खाली वाकून भिंतीचा पाया बघत होते. भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागलेला, कारण १९७० च्या दशकात कुणीतरी ओल झाकायला सिमेंटचा गिलावा केला होता. जुनी भिंत चुन्याची असते, ती श्वास घेते. सिमेंटनं तोंड बांधलं की ओल वर चढते आणि जिथं वाट मिळेल तिथून गिलावा ढकलून बाहेर पडते. आमचा परातीएवढा तुकडा पडला तो त्यामुळे. ते म्हणाले, आधी पन्हळी साफ करा. पूर्वी न केलेलं सगळ्यात उपयोगी काम आम्ही त्या शनिवारी दोन शिड्या आणि चार बादल्या घेऊन केलं. खर्च शून्य.

ऑक्टोबरमध्ये भित्तिचित्रांच्या संवर्धक आल्या. त्याच, ज्यांनी "हे कुणी केलं?" विचारलं. दोन दिवसांच्या चाचणीचे १,८५० युरो. त्यातले ८०० पंचायतीनं दिले, ४१२ सप्टेंबरच्या वारसा दिनांना केक आणि क्रेप विकून जमले, बाकीचे सभासदांनी घातले. शस्त्रक्रियेच्या सुरीनं त्या भिंतीत तळहाताएवढ्या खिडक्या उघडतात, एकेक थर पायरीसारखा मोकळा ठेवत. आमच्या भिंतीवर सात थर निघाले. वरून तिसऱ्यात एक काळा पट्टा होता. जहागीरदार वारला की चर्चच्या भिंतीभोवती सुतकाचा काळा पट्टा रंगवून त्यावर त्याची राजचिन्हं काढायची पद्धत होती. त्याला 'लित्र' म्हणतात. आणि सगळ्यात खाली, तांबड्या रेघा.

आम्ही श्वास रोखून उभे. बाई म्हणाल्या, "या खोट्या चिऱ्यांच्या रेघा आहेत." गिलाव्यावर तांबड्या दुहेरी रेघांनी घडीव दगडांची नक्कल करायची आणि प्रत्येक चौकटीत एक पाच पाकळ्यांचं फूल काढायचं. तेराव्या शतकातली नेहमीची सजावट, बऱ्याच खेड्यांत सापडते. छान आहे, जपा. पण होडी नाही, खिडकी नाही, संत नाही. पोस्टमनकाकांनी जी वीतभर जागा खरवडली होती तिथं एक फूल असणार होतं, ते गेलं.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, पुरे झालं. हिवाळाभर फाइलला मी हातच लावला नाही. इतर कुणी लावला असंही नाही. डिसेंबरच्या बैठकीला पाच जण आले होते आणि त्यात गरम वाइनवरच जास्त चर्चा झाली.

१४ मार्च २०२३ ला द्राकच्या संशोधक बाई पाहणीला आल्या. तरुण, पाठीवर सॅक, डोक्याला दिवा. फुलं बघितली, चॅपल बघितली, बाहेरची दगडी तोंडं मोजली. मग विचारलं, "माळ्यावर कुठून जायचं?" माळ्यावर आमच्यापैकी कुणी कधी गेलंच नव्हतं. मनोऱ्यातल्या शिडीनं अर्ध्यात गेलं की एक झडप आहे, ती पोस्टमनकाकांनी खांद्यानं उघडली. आत कबुतरांची घाण गुडघाभर. नाकाला मास्क आणि हातात मोजे नसतील तर अशा माळ्यावर जाऊ नका, ती धूळ फुप्फुसाला वाईट. आम्ही प्लास्टरच्या कमानीच्या पाठीवर पाय न ठेवता तुळईवरून एकेक सरकत गेलो. वर ओकचे वासे, प्रत्येक जोडीवर सुतारानं कोरलेला रोमन आकडा. पूर्वेच्या भिंतीपाशी पोचल्यावर त्यांनी दिवा फिरवला.

घडी घातलेल्या फितीसारखी रंगीत किनार होती, पिवळी, तांबडी आणि राखाडी. तिच्याखाली तीन डोकी, प्रभामंडळासकट. मोठाले डोळे. मधल्याची हनुवटी १८६८ च्या प्लास्टरनं कापलेली, त्याखालचं सगळं कमान बसवताना फोडलेलं. मला तो शातोरूचा हिशेबाचा कागद तिथं तुळईवर बसल्या बसल्या आठवला. कमान खाली आली आणि वरची पट्टी अंधारात राहून गेली. तिथवर सफेदी करणाऱ्याचा हात पोचला नाही, सिमेंटवाल्याचा पोचला नाही, आणि आमच्या सुरीचाही नाही. चुन्याखाली आम्ही जे शोधत होतो ते चुन्याच्या वर, उघडंच होतं.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता इथं कुणीही हात लावायचा नाही." पोस्टमनकाकांनी दोन्ही हात खिशात घातले.

खाली येताना त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कोपऱ्यात वाशाला लहान वटवाघळं लटकत होती, नालाच्या आकाराच्या नाकाची. ती फ्रान्समध्ये संरक्षित आहेत आणि उन्हाळ्यात पिलं देतात. म्हणजे मे ते ऑगस्ट माळ्यावर जायचं नाही. आमच्या वेळापत्रकातले चार महिने वटवाघळांनी घेतले आणि त्यावर अपील नाही.

जूनमध्ये गावसभा झाली. ती सगळ्यात अवघड होती, माळ्यापेक्षाही. इमारत नोंदली गेली की तिच्याभोवती ५०० मीटरचं वर्तुळ पडतं. त्यात चर्चमधून दिसणाऱ्या किंवा चर्चबरोबर नजरेत येणाऱ्या घराला खिडकी, कौल, रंग, सोलर पॅनेल बदलायचं असेल तर सरकारी वास्तुविशारदांची संमती लागते. मी नकाशावर वर्तुळ काढून नेलं होतं. अख्खं गाव त्यात. मागच्या रांगेतून एकानं विचारलं, "म्हणजे माझ्या प्लास्टिकच्या खिडक्या?" ते आमच्या समोरून तिसरं घर. खिडक्यांचा दर त्यांनी आणून ठेवला होता. मी प्रामाणिकपणे सांगितलं की बहुधा लाकडी लागतील. ते उठून गेले. पुढचे आठ महिने बेकरीच्या गाडीपाशी ते माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. हे वर्तुळ लपवून फाइल पुढे नेता येते, कायद्यानं गावाला विचारणं बंधनकारकही नाही. पण मग तुम्हाला गावात राहता येत नाही.

बाकीची कारणं मी सांगितली तीही लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडतील. २०२२ च्या सिनेटच्या अहवालात म्हटलं होतं की २०३० पर्यंत अडीच ते पाच हजार धार्मिक वास्तू सोडून दिल्या जाऊ शकतात, विकल्या जाऊ शकतात किंवा पडू शकतात. नोंदलेल्या इमारतीच्या दुरुस्तीला सरकार ४० टक्क्यांपर्यंत देऊ शकतं. वरचा दर्जा मिळाला तर त्याहून जास्त. जिल्हा आणि प्रांत वेगळं देतात, आणि सहसा निदान २० टक्के गावाला स्वतः उभे करावे लागतात. बदल्यात, काम सुरू करायच्या चार महिने आधी कळवावं लागतं आणि मनाला येईल तो गवंडी बोलावता येत नाही. सभेत एक आजोबा म्हणाले, "मनाला येईल तो गवंडी बोलावला म्हणून तर सिमेंट आलं."

सप्टेंबरमध्ये वटवाघळं गेली, संवर्धक परत आल्या, माळ्यावरच्या चित्रांचा तपशील आणि रंगांची अवस्था लिहून दिली. मी माझी सहा पानं अठरा केली आणि १८६८ चं अंदाजपत्रक पहिल्या पानावर आणलं. नोव्हेंबरमध्ये ओर्लेआँला प्रादेशिक आयोगापुढे फाइल गेली. फाइल तिथले अधिकारी मांडतात, आपण घरी बसून फोनकडे बघतो. दुपारी चारला सरपंचांचा निरोप आला: अनुकूल, संपूर्ण इमारत. मी स्वयंपाकघरात एकटीच होते. पहिल्यांदा आजींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वरती अंधारात आहेत म्हणालीस ना? मग कोण बघणार त्यांना?" मी मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. मधल्या डोक्याकडे बघून त्या म्हणाल्या, "हा आमच्या मोठ्या भावासारखा दिसतो," आणि चहा टाकायला उठल्या.

प्रेफेची सही व्हायला आणखी तीन महिने लागले. तोवर तुम्ही काही छापू नका, फलक करू नका. आयोगाचं मत म्हणजे हुकूम नव्हे.

आता पुढचं चालू आहे. 'फोंदासिओं द्यु पात्रिम्वान' या वारसा जपणाऱ्या संस्थेमार्फत देणगी मोहीम उघडली आहे, पहिलं काम जमिनीलगतचं सिमेंट काढून चर खणण्याचं. नेहमी देणगीदाराला देणगीच्या ६६ टक्क्यांएवढी सूट आयकरात मिळते. छोट्या गावांच्या धार्मिक वास्तूंसाठी २०२५ अखेरपर्यंत हजार युरोपर्यंतच्या देणगीवर ती ७५ टक्के ठेवली होती. कुणाला पत्र लिहायचं असेल तर आजची सूट किती ते आधी बघा आणि ते वाक्य सगळ्यात वर टाका. माळ्यावरची डोकी सध्या तशीच राहतील. बघायला मिळणार नाहीत. मोठे फोटो चॅपलमध्ये लावलेत.

गेल्या मंगळवारी दारावर थाप पडली. प्लास्टिकच्या खिडक्यांवाले शेजारी, हातात घडी घातलेला कागद. सेर्फा १३७०३ हा सरकारी फॉर्म, घराच्या दुरुस्तीची पूर्वसूचना. नमस्कार वगैरे काही नाही. म्हणाले, "तुम्हाला हे कागद भरता येतात असं ऐकलं." मी त्यांना बसवलं, चहा दिला. महिन्याऐवजी दोन महिने लागतील हे आधीच सांगितलं, कारण आता आपण वर्तुळात आहोत. खिडक्या ओकच्या, चार. रंगाच्या रकान्याशी आम्ही अडलो. त्यांना पांढरा हवा होता, मी राखाडी म्हणत होते. शेवटी रकाना पेन्सिलीनं भरला आणि सरकारी वास्तुविशारदांना फोन करायचं ठरवलं.